दुखतंय म्हणा

उमाबाई, माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांच्या छातीतली गाठ फुटली तेव्हा रझाकारांच्या धामधुमीत हैदराबादेला नेण्याची सोय नव्हती. श्रीपाद डॉक्टर नांदेडातल्या आमच्या घरी आले. जखम धुऊन त्यांनी अफूच्या अर्काची बाटली माझ्या हाती दिली.

"तुम्ही शिकलेल्या, म्हणून सांगतो. कॅन्सर बरा होणार नाही, पण दुखणं आवरता येतं. ते चढायच्या आधी थेंब द्यायचे. आणि त्यांना बोलतं करा. कुठं, किती दुखतं ते त्यांनीच सांगायला हवं."

आत्याबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मला काही दुखत न्हाई."

पहिल्या बाळंतपणात मी अडले, तेव्हा आत्याबाईंनीच माझ्या तोंडात पदर कोंबला होता. "आमच्या घरच्या बायका ओरडत न्हाईत." डॉक्टरीणबाईंना बोलावू दिलं नाही. मुलगी निळी पडूनच आली. गल्लीतल्या बायकांनी मात्र सुनेचं कौतुक केलं, हूं की चूं नाही म्हणून.

आता दुसरी, सिंधू, मांडीवर आहे. ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून बघते.

तशीच नजर मी आत्याबाईंवर ठेवली. पायाची बोटं वळायची, हात पांघरूण पिळायचा. मला सगळं कळत होतं. बाटली कोनाड्यातच राहू दिली.

दुपारी त्याच बायका भेटायला आल्या. शेजारच्या गुणाबाई म्हणाल्या, "काय धीराच्या हो उमाबाई! तोंडातून चकार शब्द न्हाई."

मी बाटली घेऊन पुढ्यात बसले. "आत्याबाई, दुखतंय म्हणा. मग देते."

"अगं, लाज सोडलीस का?" गुणाबाई.

"हाव, सोडली लाज. बसा, तुम्ही पण ऐका."

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग असा आवाज निघाला की सिंधू दचकून रडायला लागली.

"दुखतंय! मेले गं, लई दुखतंय!"

बायकांनी माना खाली घातल्या. मी थेंब पाण्यात घालून पाजले.

वाटलं होतं, शरमेनं मरतील. त्या तर थोड्या वेळानं चक्क घोरायला लागल्या. माझा संताप संताप झाला.

दिवेलागणीला, दुखणं चढायच्या आधी, मी त्यांना हलवून उठवलं.

"किती दुखतंय?"

"आत्ता तितकं न्हाई. काखेत ठणकतंय." मग म्हणाल्या, "चारचौघींत ओरडायला लावलंस. सूड घेतलास."

"घेतला. आता रोज सांगायचं, खरं खरं. लपवलंत तर गुणाबाईंना बोलावीन."

"मेली हडळ," आत्याबाई म्हणाल्या, आणि औषधासाठी तोंड उघडलं.