राजरत्नची अक्षरं

भोईवाड्यात माझं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर, चाळीच्या फळ्यावर लावायच्या नोटिसा, जे म्हणाल ते जुळवून देते. दुकान एवढं, की गिऱ्हाईक आत आलं की मी बाहेर. त्यात एकच कॉम्प्युटर मावतो. तो माझ्या नवऱ्याने, राजरत्नने, घेतलेला.

राजरत्न मूळचा बोर्ड रंगवणारा. छापील बॅनर आले आणि त्याचा ब्रश सुटला, तेव्हा त्याने आपल्या हातची अक्षरं एकेक करून कॉम्प्युटरात बसवली. त्याचा ळ एका बाजूला कललेला. चालताना त्याचा स्वतःचा खांदा पडायचा, तसाच. नायगावात आजही लोक लांबून नोटीस बघून सांगतात, ही राजरत्नकडची. तो जाऊन काही वर्षं झाली. अक्षरं मात्र रोज कामावर येतात.

अडचण एवढीच, की ती फक्त जुन्या विंडोजवर चालतात. नवीन टाकलं की त्यांच्या जागी नुसते चौकोन येतात. माझ्या मुलीने, दर्शनाने, सगळे उपाय करून पाहिले होते. आणि जुन्यावर आता दुसरं काहीच धड उघडत नाही.

"आई, अपग्रेड करू या ना. पप्पांनी पण केलं असतं."

"पप्पांचं तू मला सांगू नकोस," मी म्हणायचे. विषय तिथेच मिटायचा. माझ्यापुढे कुणाची डाळ शिजत नाही.

मग नायगावची संघमित्रा आली. तिचे वडील जयवंतकाका गेले होते. रविवारी जलदान विधी आणि पुण्यानुमोदन होतं, आम्हा बौद्धांत माणूस गेल्यावर करतात ते. तिने मजकूर सांगितला, मी जुळवला. फोटो तिच्या मोबाइलवर होता. दर्शनाने नाना प्रकारे पाठवून पाहिला, पण मशीन काही तो घेईना.

"दुसरीकडून करून घे," मी म्हटलं. म्हणताना जिवावर आलं.

"नको वहिनी. माझ्या लग्नाची पत्रिका राजरत्नभाऊंच्याच अक्षरात होती. पप्पांनी जपून ठेवलीय. तुम्ही जागा सोडा, फोटो आम्ही वरून चिकटवू."

खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

रविवारी मी गेले. चाळीच्या दारात फळ्यावर नोटीस होती. वर 'कालकथित जयवंत', आमच्यात कैलासवासी म्हणत नाहीत, खाली मी सोडलेला चौकोन, तसाच रिकामा. घरात माणूस गेलेलं, गडबडीत फोटो चिकटवायचा राहून गेला होता. बुद्धवंदना झाल्यावर जयवंतकाकांच्या पत्नी, जाईबाई, माझ्याजवळ आल्या.

"सगळं चांगलं लिवलंस गो. पण ह्यांचं तोंड का नाय लावलंस?"

माझ्या माणसाची अक्षरं राहावीत म्हणून त्यांच्या माणसाचा चेहरा राहिला होता. मला फार वाईट वाटलं आणि स्वतःचा रागही आला.

सोमवारी दुकान उघडल्यावर दर्शनाला म्हटलं, "आज टाक तुझं नवीन. पण आधी मला एक काम करू दे."

मी एक नोटीस जुळवली. जलदान विधी व पुण्यानुमोदन. त्याखाली, कालकथित सीमा राजरत्न सकपाळ. मग फोटोचा चौकोन, विहाराचं नाव, आणि शोकाकुल म्हणून दर्शना. सकपाळमधला ळ छान कललेला आला होता. मी जाड कागदावर प्रिंट काढून तिच्या हातात दिली.

तिने वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "आई, हे काय गं?"

"माझं नाव दुसऱ्या कुणाच्या अक्षरात लागायला नको मला. तारीख तेवढी सोडलीय. ती तू तुझ्या हाताने लिही. आणि फोटो आठवणीने चिकटव."

ती कागद छातीशी धरून रडत बसली. मग नवीन विंडोज टाकायचं बटण मीच दाबलं.