केबलची ढील

तलावाच्या पाळीवर चढताना आवाज पुढं गेला आणि गाडी मागंच राहिली. धर्मेंद्रनं हँडल पिळलं तसं इंजिन बोंबललं, पण चाक अडेल बैलासारखं जागीच रेंगाळलं. रेणू गुंजनला कडेवर घेऊन खाली उतरली.

"रविवारी आंगनात पसारा मांडून बसले होते ना दिवसभर? तेल बदललं, चेन आवळली, आन् हे काय?"

"नव्या तेलानं होते असं. बसन ठीक," तिच्याकडं न बघताच तो म्हणाला आणि गाडी ढकलू लागला. गुंजननं त्याच्याकडं दोन्ही हात पसरले. त्यानं पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

दिवाळीपासून हेच चाललं होतं. पोर जवळ आली की हा उठून जायचा. मुलगी झाली म्हणून आता कुठं याचं मन फिरलं की काय, ही शंका रेणू गिळून बसली होती. विचारायची हिंमत होत नव्हती.

घरी गाडी लावून तो पायीच धानाच्या बांधीकडं गेला. गुंजन झोपली. सासू नंदाबाई मागच्या अंगणात लाखोरीची डाळ निवडत होत्या. रेणूनं दवनीवाड्याला भावाला फोन लावला. गजेंद्रचं तिथं बस थांब्याजवळ छोटंसं गॅरेज होतं.

"गजू, क्लच घसरून रायला."

"तुझा का गाडीचा?"

"मस्करी नको करू."

"बरं बाप्पा. तेल कोणतं टाकलं? कारचं असन तर प्लेटी घसरतात."

तिनं डबा उलटापालटा करून पाहिला. "मोटरसायकलचंच हाय. नेहमीचंच."

"मंग डाव्या हाताचा दांडा पाय. दाबाच्या आधी पेरभर फुकट हलला पायजे."

तिनं बोट लावून पाहिलं. दांडा ताठ होता, जराही हलत नव्हता. "कायीच ढील नाई."

"मंग तेच. केबल तानून ठेवली. क्लच अर्धा दाबल्यावानीच रायते, प्लेटी जळतील अशानं. पर भाऊजी असं कायले करन वं? मले केबल बांधाले त्यायनंच शिकवलं."

गजेंद्रनं सांगितला तसा हँडलजवळचा गोल पेच तिनं फिरवला. दांडा पेरभर सैल हलला. आपल्याच हातावर खूश होऊन ती स्वयंपाकाला लागली.

जेवायला आलेल्या धर्मेंद्रला तिनं आधी गाडीपाशी नेलं. "पाहा, ठीक केली मी."

त्याचा चेहरा उतरला. "कोणं सांगितलं तुले हात लावाले?"

तरी तो बसला. गाडी सुरू केली, दांडा दाबला, गिअर टाकला. गाडीनं गचका खाल्ला आणि बंद पडली. पुन्हा तेच. मग रेणूची नजर त्याच्या हाताकडं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडी होऊन नुसती दांड्यावर टेकली होती. दांडा अर्ध्यावरच अडत होता. तळव्याच्या कडेला एक फोड फुटून लाल झाला होता.

"हा फोड कायचा?"

"सायलेंसरचा असन. रविवारचा."

"असन म्हंजे? चटका लागला नाई?"

"नाई."

रेणूला एकेक आठवू लागलं. आशाताई बधिर चट्टे विचारत घरोघरी आल्या, तेव्हा हा मागच्या दारानं निघून गेला होता. कोपराच्या वरचा फिकट डाग रेणूनं पाहिला होता. साधी शिबं असतील म्हणून सोडून दिला होता.

"कुष्ठरोग?" तिनं अगदी हळू विचारलं.

"नाव नको घेऊ. मायले समजलं त माझे भांडे अलग करन. आन् पोरगी..." पोर झोपली होती त्या खोलीकडं त्यानं पाहिलं. "तिले झालं त? म्हणून घेत नाई मी तिले."

रेणूला रडावंसं वाटलं आणि त्याला दोन ठेवून द्याव्याशाही वाटल्या. "आन् मले वाटून रायलं होतं का..."

"केबल परत तान. मी चालवून घेईन."

"तानली त पाळ चढत नाई. ढिली केली त तुमच्यानं दबत नाई. मंग कशी चालवता?" तिनं ओढणी कमरेला खोचली. "सरकारी दवाखान्यात फुकट गोळ्या भेटते. लवकर गेलं त बोटांत ताकद येते म्हणे आशाताई."

"लवकर गेलं त," तो म्हणाला.

ती आत गेली आणि झोपेतली गुंजन उचलून घेऊन आली. "बसा मांगं. मी चालवते. धरा हिले."

"रेणू, तिले..."

"धरा म्हटलं ना!"

त्यानं उजव्या हातानं पोरीला छातीशी घेतलं, ती काचेची बाहुली असल्यासारखं.

"कुठं वं, न जेवता?" नंदाबाई घराच्या कोपऱ्यावरून ओरडल्या.

"दवाखान्यात, माय."

"कोणाले काय झालं?"

"आल्यावर सांगते," रेणू म्हणाली. कसं सांगणार, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

गुंजन व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात मोकळ्या बांधीत त्यानंच तिला ही गाडी शिकवली होती. पाळीच्या पायथ्याशी तिनं दांडा हळूहळू सोडला. गाडी कण्हली, पण चढू लागली. त्याचा डावा हात तिच्या खांद्यावर होता. वाकडं बोट हाडात रुतत होतं. त्याला ते कळत नव्हतं आणि तिनं खांदा हलवला नाही.