घंटा थांबली की दार बंद

विधानसभेत कुलूपकाकांचं काम एकच. मतदानाआधी तीन मिनिटं घंटा वाजते. ती थांबली की सभागृहाचं दार लावायचं आणि मतं मोजून होईपर्यंत उघडायचं नाही. तीस वर्षं काकांनी तेच केलं. आता महिनाअखेरीला निवृत्ती, म्हणजे सरकारी खोलीही सोडायची. बायको गेल्यापासून घरात काका आणि मुलगी दोघंच, आणि मुलीची शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. काकांना खोलीसाठी तीन महिन्यांची मुदत हवी होती. "आजचं मतदान होऊ दे, लगेच सही करतो," असं मुख्यमंत्री सकाळीच म्हणाले होते. अर्ज काकांच्या खिशातच होता.

त्या दिवशी विश्वासदर्शक ठराव होता. सरकारकडे विरोधकांपेक्षा एकच मत जास्त. ठराव पडला तर मुख्यमंत्र्यांसकट सगळं मंत्रिमंडळ घरी.

घंटा वाजायला लागली आणि मुख्यमंत्री फोन कानाला लावून बाहेर आले. राजधानीतून देशाचे पंतप्रधान धीर देत होते, अगदी सविस्तर.

"साहेब, अर्धंच मिनिट राहिलं," काका म्हणाले.

मुख्यमंत्र्यांनी एक बोट दाखवलं. थांबा म्हणून.

घंटा थांबली. काकांना मुलीची पुस्तकं दिसली, बांधलेलं सामान दिसलं. मग त्यांनी कडी लावली.

"अहो काका, मी बाहेर राहिलो!"

"घंटा थांबली, साहेब."

"मी मुख्यमंत्री आहे!"

"ते दिसतंय की."

मुख्यमंत्र्यांनी वैतागून फोन काकांच्या हातात दिला. "घ्या, पंतप्रधानांनाच सांगा."

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "नमस्कार साहेब. नाही साहेब. देश तुम्ही चालवता, मान्य आहे. पण हे दार राज्याच्या सभागृहाचं. इथं आमच्या अध्यक्षांचं चालतं... हो, तुमचंसुद्धा नाही." काकांनी फोन परत दिला. "हसले आणि ठेवला."

आत मतं समसमान पडली. समसमान म्हणजे विश्वास नाही, असं म्हणत अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत ठरावाविरुद्ध टाकलं. सरकार पडलं.

मुख्यमंत्री काकांच्या स्टुलावर मटकन बसले. "आता राज्यपालांकडे राजीनामा. नवा माणूस येईपर्यंत मीच काळजीवाहू. मोठं काही ठरवायचं नाही, नुसत्या किरकोळ सह्या." त्यांनी काकांकडे पाहिलं. "काढा तो अर्ज."

"राहू दे साहेब. आज कोणत्या तोंडानं..."

"तुमची खोली म्हणजे काय राज्याचं धोरण आहे? काढा म्हणतो ना!"

सही झाली. पेनाचं टोपण लावता लावता मुख्यमंत्री थांबले. "मलाही बंगला सोडावा लागणार हो. नातीची शाळा तिथून जवळ आहे. या अर्जाचा कोरा नमुना कुठं मिळतो?"

"तळमजल्यावर. पण पाचला खिडकी बंद होते, साहेब."

मुख्यमंत्र्यांनी घड्याळ पाहिलं. पाचला चार मिनिटं होती. फोन पुन्हा वाजत होता. तो तसाच खिशात टाकून ते जिन्याकडे पळाले.