आमच्या चाळीत कोणी गेलं नाही

माझं माहेर गिरगावातलं. लग्न होऊन लालबागला यायला निघाले तेव्हा आई म्हणाली होती, तिथली माणसं मोठ्याने बोलतात, घाबरू नकोस. घाबरले नाही, पण दत्तारामच्या आवाजाची सवय व्हायला वेळ लागला. दत्ताराम पेडणेकर आमच्या शेजारच्या खोलीतला. गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात त्याचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे सगळं जगच कमी ऐकतं अशी त्याची समजूत. पहिली पाळी करून आला की चहा घेऊन तो गॅलरीत उपड्या खोक्यावर बसायचा आणि अख्ख्या मजल्याला पेपर वाचून दाखवायचा.

नुसता वाचायचा नाही, दुरुस्त करायचा. सरकारने दिलेला कुठलाही आकडा त्याला मान्य नसे. छप्पन्नच्या जानेवारीत गोळीबार झाला तेव्हा तो रस्त्यावर होता. एका जखमी पोराला पाठीवर घेऊन तो परळपर्यंत धावला होता, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापलेला आकडा पाहून त्याने पेपरच भिरकावला होता. "आपल्या डोळ्यांनी बघितलला ता खरा," असं तो तेव्हापासून म्हणायचा. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत आमच्याकडे सरकारवर विश्वास ठेवणारा माणूस शोधून सापडला नसता. लग्नाचं विचारलं तर म्हणायचा, आधी संयुक्त महाराष्ट्र, मग बायको. आमचे हे, रमाकांत, गमतीने म्हणायचे की दोन्हींपैकी एक तरी लवकर मिळो.

त्या खोलीत दत्तारामचा थोरला भाऊ गणपत, वहिनी शेवंती आणि त्यांची मुलगी शकू राहत. गणपतने त्याला गावाहून आणलं, स्वतःच्या ताटातलं वाढलं, गिरणीत चिकटवलं. गणपत स्वतः कार्डिंग खात्यात. तिथे कापसाची धूळ इतकी की छातीची चाळण होते. भावाच्या आवाजापुढे त्याचा आवाज कधी ऐकू यायचा नाही, त्याचा खोकला मात्र भिंतीपलीकडे आम्हाला रोज ऐकू यायचा.

सत्तावन्नचा उन्हाळा संपता संपता फ्लूची साथ आली. आमच्या मजल्यावर एक खोली सुटली नाही. आज हा पडला, उद्या तो. अंग ठणकायचं, डोळे लाल व्हायचे, चार दिवसांनी माणूस भिंत धरून नळावर यायचा. पेपरात रोज साथीच्या बातम्या, मेलेल्यांचे आकडे. दत्तारामला स्वतःलाही ताप येऊन गेला होता. उठल्या उठल्या तो खोक्यावर जाऊन बसला.

"आपल्या चाळीत घराघरात ताप इलो," तो म्हणाला. "एक तरी मयत उठला? सांगा! ह्यो सगळो सभा बंद करूचो डाव आसा. चार माणसा एकत्र इली काय सरकारच्या पोटात गोळो येता."

सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण खरोखरच एकही तिरडी आमच्या जिन्यावरून उतरली नव्हती. मला गंमत एवढीच वाटायची की गोळीबारात मेलेल्यांचा सरकारी आकडा दत्ताराम चौपट करायचा आणि तापाने मेलेल्यांचा निम्मा. एकदा मी तोंडावर तसं म्हटलंही. "तुका काय कळता, गिरगावकरणी," असं म्हणून त्याने हसून पान उलटलं. मला राग आला होता, पण त्याच्यावर राग फार वेळ टिकत नसे.

जूनमध्ये गणपतला ताप आला. चार दिवसांनी उतरायचा तो उतरला नाही. श्वास घेताना त्याच्या गळ्याखाली खड्डा पडायला लागला, तेव्हा शेवंतीने मला हाक मारली आणि मी कोपऱ्यावरच्या डॉक्टर कोठाऱ्यांना घेऊन आले. मनमोहन कोठारे मूळचे गिरगावातलेच, पण दवाखाना लालबागला. फार बोलणारा माणूस नव्हे. त्यांनी छाती तपासली, पाठ तपासली आणि नळी गळ्यात अडकवता अडकवताच म्हणाले, "आजच्या आज इस्पितळात न्या. ताप छातीत उतरलाय. उद्यावर ढकलू नका."

शेवंती लुगडं सावरून उठलीच. इस्पितळ परळला, टॅक्सीने किती वेळ लागणार? पण दत्ताराम दारात उभा होता.

"इस्पितळात माणूस आपल्या पायांनी जाता नि चौघांच्या खांद्यार भायर येता," तो म्हणाला. "दादाक गावाक न्हेवया. हवापालट झाली काय बरो होतलो."

आमच्या चाळीत हाच रिवाज होता. दुखणं वाढलं की गाव. ज्याच्या अंगात उठायचंही त्राण नाही त्यालाही वळकटीसकट गावी पोचवायचे. घर तिथे, आई तिथे, देव तिथे. मुंबई कमवायला, बाकी सगळं गावाला. आमच्याच मजल्यावरच्या जाईबाईंचा मुलगा रामू तसाच गावी गेला होता, खालच्या मजल्यावरचे कुशाबा गेले होते, आणखीही कोण कोण गेले होते. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून पुण्याला गाडी बदलून कोल्हापूर आणि पुढे एसटीने घाट उतरून गाव. धडधाकट माणसाचीही हाडं खिळखिळी करणारा प्रवास.

डॉक्टर म्हणाले, "दत्ताराम, या प्रवासात हा टिकायचा नाही. लोक मरतायत, बाबा."

"तुमच्या पेपरात मरतत डॉक्टर. आमच्या चाळीत नाय."

"आणि गावी गेलेले? त्यांची काही खबर?"

"बरेच आसतले," दत्ताराम म्हणाला. "नायतर कळला नसता?"

शेवंतीने नवऱ्याकडे पाहिलं. गणपतला बोलायला दम पुरत नव्हता. त्याने हाताने भावाकडे बोट दाखवलं, म्हणजे तो सांगेल तसं. जन्मभर त्याने धाकट्याचं ऐकलं होतं आणि धाकट्याने आजवर त्याचं वाईट काही केलेलं नव्हतं. शेवंती दत्तारामला म्हणाली, "भावजी, तुमी म्हणतास म्हणान जातंय." मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, अगं, डॉक्टर सांगतायत ना? ती म्हणाली, "ज्येनी भावजींका ल्हानाचे मोठे केल्यानी, त्येंचो जीव भावजी घेतले काय?" दत्तारामचं भावावर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणेल तर मी त्याचं थोबाड फोडीन. प्रेमापोटीच त्याने त्याला स्टेशनवर उचलून नेलं. डब्यात स्वतःच्या हाताने अंथरूण घातलं. सोबत शेवंती आणि शकू गेल्या, दत्तारामला रजा मिळाली नाही.

तार आली तेव्हा तो पाळीवर होता. गणपत घरी पोचला, आईच्या हातची पेज दोन घास प्याला आणि दुसऱ्या दिवशी गेला. दत्ताराम गावी पोचला तोपर्यंत राख गार झाली होती. तेरावं करून परत आला तो डोक्याचा गोटा करून. मजल्यावरचे सगळे भेटून गेले. काय करणार, छातीच कमजोर होती, असं प्रत्येक जण म्हणाला. दत्तारामही तसंच म्हणाला. काही दिवसांनी तो पुन्हा खोक्यावर बसला, आवाज थोडा उतरलेला, पण वाचन तेच. आणि आकडा आला की त्याचा प्रश्नही तोच: आपल्या चाळीत एक तरी गेला?

आणि लोक माना डोलावत. मला आधी वाटायचं हे सगळे ढोंगी आहेत. मग कळलं, ढोंग नव्हतं ते. गावचं मरण गावाला, असा आमच्याकडे हिशोबच होता. रामू गेल्याची बातमी आली तेव्हा आम्ही सगळ्या बायका जाईबाईंजवळ बसलो होतो. कुशाबा गेले तेव्हा त्यांच्या गाळ्यातल्या माणसांनी अंघोळी केल्या आणि रात्रपाळीवाल्या दुसऱ्याने त्यांच्या जागी वळकटी टाकली. चाळीत जागा रिकामी राहतच नाही, मग माणूस कमी झालेला दिसणार कसा? प्रत्येकासाठी रडलो आम्ही. फक्त एकाला दुसऱ्याशेजारी कधी ठेवून पाहिलं नाही. आणि दत्ताराम का ठेवत नव्हता, ते मला दिसत होतं. डॉक्टरांचं खरं धरलं असतं तर भावाला कोणी मारलं, याचं उत्तर त्याला द्यावं लागलं असतं.

शकूची शाळा बुडत होती म्हणून शेवंती दिवाळीच्या तोंडावर परत आली. मोकळं कपाळ घेऊन ती जिना चढली तेव्हा मी दारातच रडले. तीच मला म्हणाली, उगी. दिराशी ती कमी बोलत नव्हती, जास्तही नाही. त्याचं जेवण वाढायची, कपडे धुवायची. आणि तो समोर असला की खाली बघायची. दत्ताराम त्या खाली बघण्याने झिजत चालला होता. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं तो एकदा आमच्या ह्यांना म्हणाला.

दिवाळीत दुःखाच्या घरी तळण तळत नाहीत, कंदील लावत नाहीत. शेजाऱ्यांनी फराळ पोचवायचा. पाडव्याच्या संध्याकाळी मी करंज्या, लाडू, चकली ताटांत भरून वर रुमाल टाकले आणि पहिलं ताट शेवंतीकडे नेलं. दत्ताराम दारातल्या खोक्यावर बसला होता, पेपर मांडीवर, सणाचे चार जण भोवती. मी ताट ठेवून दुसरं घेऊन पुढे निघाले, मग तिसरं. परत येऊन आणखी एक उचललं तेव्हा तो म्हणाला, "आता ह्या कोणाक?"

"जाईबाईंना," मी म्हटलं. "रामू गेला ना यंदा."

"आणि मगाशी?"

मी सांगितलं. खाली कुशाबांचा पुतण्या. टोकाच्या खोलीत सावंतांची म्हातारी, तिचाही मुलगा गावी गेला तो गेलाच. दत्तारामने मान वर करून गॅलरीभर नजर टाकली. कंदिलांची रांग मधे मधे तुटत होती, काळ्या दारांपाशी. त्याची नजर एकेका दारावर थांबत, पुढे सरकत शेवटी स्वतःच्या दाराशी आली.

भोवतालच्यांपैकी एकाला कसलीच कल्पना नव्हती. तो म्हणाला, "वाच मा दत्ता. तापाचा कायतरी इला हा आज. आमच्या चाळीत तर एक पण नाय, काय?"

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. आत शेवंती ताटावरच्या रुमालाची घडी करत होती. ती दाराशी आली, चौकटीला हात लावून उभी राहिली, आणि गणपत गेल्यापासून पहिल्यांदा तिने दिराच्या डोळ्यांत पाहिलं.

"भावजी," ती म्हणाली, "ह्यांका खयच्या आकड्यात धरल्यात तुमी?"

इतक्या हळू विचारलं तिने, आणि त्या अर्ध्या कानाच्या माणसाला ते पहिल्याच खेपेला ऐकू आलं. पेपर त्याच्या मांडीवरून घसरला. मला वाटलं आता तो ओरडेल, सरकारला शिव्या घालेल, काहीतरी म्हणेल. मनातल्या मनात मी देवाला म्हटलं, याला आता मोठ्याने बोलू देऊ नकोस.

"खयच धरूक नाय, वैनी," तो म्हणाला.

"हयसूनच ताप घेऊन गेले ते."

"होय."

"डॉक्टरान सांगितल्यान होता."

"होय वैनी. मीच न्हेलंय त्येका." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. गोटा केलेल्या डोक्यावर आता केस उगवले होते, त्यांत पांढरे किती ते मी तेव्हा पाहिलं. शेवंती त्याच्याजवळ गेली नाही. पण आतही गेली नाही.

मग त्याने हात काढले. "सरकारचो आकडो खोटोच आसा," तो भोवतालच्यांना म्हणाला. आवाज त्याचा वाटतच नव्हता. "आमची माणसा त्यात नायतच. ती हयपण धरूक नाय, थयपण धरूक नाय."

पलीकडच्या काळोख्या दारातून जाईबाईंचा आवाज आला. त्यांच्यासाठी उचललेलं ताट अजून माझ्याच हातात होतं. "आमच्या रामूक पण धर रे बाबा," त्या म्हणाल्या.

सकाळी मी माझ्या रेंगाळलेल्या खोकल्याचं औषध आणायला कोठाऱ्यांच्या दवाखान्यात गेले, तर बाकावर दत्ताराम. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, धुतलेला सदरा घालून, नंबर लावून बसलेला. डॉक्टरांनी पडदा बाजूला केला, त्याला पाहिलं आणि त्यांचा चेहरा जरा कडक झाला.

"कोण आजारी आहे?"

"कोण नाय," दत्ताराम उठून उभा राहिला. "तुमी इचारलल्यात, गावाक गेलल्यांची काय खबर. ती सांगूक इलंय."

डॉक्टरांनी त्याला आत घेतलं आणि खुर्ची दिली. पडदा अर्धा उघडाच राहिला होता. पहिलं नाव त्याने भावाचं सांगितलं.