माझ्यात मैदा किती बसतो

मी एक जुने पितळी मापटे आहे. सहानुभूती नको.

मित्रांनो, जन्माचे थोडक्यात उरकतो. १९४७ साली भंडाऱ्यात मला ठोकून घडवले. ठोके किती बसले ते सांगणार नाही. तसले रडगाणे घागरींना शोभते. गोंदियाच्या बाजारात गिरजाबाईने मला निवडले आणि आपल्या नानकटाईच्या भट्टीवर नेले. तेरा वर्षे तिने सगळे माझ्यानेच मापले. मैदा दोन मापटी. पिठीसाखर एक. तूप एक. रवा अर्धे. लोक नानकटाई खात आणि गिरजाबाईच्या हाताची तारीफ करत. हाताची! हातात काय होते ते कुणी पाहिले नाही.

मग किलो आला.

(इथे थुंकायला जागा सोडली आहे.)

बाजारात नवी बेकरी निघाली आणि गिरजाबाईची गिऱ्हाइके गळाली. तेवढ्यात स्टेशनवरच्या चहाफराळाचा ठेका घेतलेल्या मुन्नालालने रोजची नानकटाई मागितली. पण सामान तो देणार, तेही किलोने तोलून. किती लागते ते सांगा आणि एक घाणा भाजून दाखवा, म्हणाला. हे काम हुकले तर भट्टी विझवून गिरजाबाईला अर्जुनी मोरगावला भावाच्या दारी जायचे होते. नवरा नव्हता. दीर होता, सेवकराम. धानगिरणीत तांदूळ तोलायचा, म्हणून स्वतःला विद्वान समजायचा.

"हिशेब कायले करता वयनी? मापटंभर तांदूळ अर्धा किलो भरते. म्हणजे मापटं अर्धा किलो. झालं!"

"मैदा बी तेवढाच?"

"मैदा काय आभायातून पडला? वजन म्हणजे वजन."

आमच्या या धानाच्या मुलखात तांदळापलीकडे जग आहे, हे कुणाला पटतच नाही. त्याने फर्मावले:

मैदा एक किलो
साखर अर्धा
तूप अर्धा
रवा पाव

मी फळीवर होते. मला विचारले कुणी?

पीठ तुपाला पुरून उरले. गोळा वळेना. सेवकरामने वरून पाणी शिंपडायला लावले. भट्टीतून जे निघाले, त्यातले एक मुन्नालालने चावले आणि गाल धरला.

"बाई, ये नानकटाई है के पटरी की गिट्टी? कल दोपहर तक ठीक बनाओ, नहीं तो बेकरीवाला बैठा ही है।"

गिरजाबाई घरी आली. रडली नाही. "भाऊजी, तुमी गिरणीतच बरे," एवढेच म्हणाली. तिने मला उतरवून रिकामेच तराजूत ठेवले आणि दुसऱ्या पारड्यात खडे टाकून धडा केला, म्हणजे माझे वजन बाद केले. मग चाळलेला मैदा माझ्यात अलगद पडू दिला आणि बोटाने वरचा ढीग सपाट केला.

तीनशे वीस ग्रॅम.

"दाबा ना वयनी! अजून बसते."

"मी कधी दाबलं काय? दाबलं का जास्तच बसन."

पिठीसाखर: तीनशे चाळीस. तूप: पाचशे पंचेचाळीस. रवा, अर्धे मापटे: दोनशे दहा.

"एक मापटं अन् वजनं सतरा?" सेवकराम खेकसला. "हे मापटंच खोटं हाय!"

"मापटं खरं हाय. त्यात काय भरलं ते पाहत जा, भाऊजी."

सेवकरामने एक किलो लिहिलेल्या मैद्यात तीनशे साठ ग्रॅम नुसता त्याचा शहाणपणा होता.

दुसऱ्या दिवशी मुन्नालालने एक खाल्ली, दुसरी उचलली. "कल से रोज," तोंड भरलेले असतानाच बोलला. त्याच्या दाढीवरून चुरा सांडत होता. असले लोक परीक्षक!

भट्टी राहिली. चारही वजने गिरजाबाईला पाठ झाली आणि तेव्हापासून तिने मला मैद्यात बुडवले नाही. माझ्या पोटातले सगळे मीच तिला सांगून बसले होते, शेवटच्या ग्रॅमपर्यंत.

तेव्हा मित्रांनो, घरातले जुने माप मोडीत देण्याआधी त्यात प्रत्येक जिन्नस एकदा भरा, तोला, लिहून ठेवा. दाबू नका. तांदळावरून मैदा ठरवणारा कुणी मदतीला आलाच, तर त्याला चहा द्या आणि बाहेर बसवा.

भट्टी रोज पेटते. ऊब फळीपर्यंत येते. खाली गिरजाबाई तराजूत मैदा घालते आणि मी काटा चुकण्याची वाट बघते.

चुकत नाही मेला.