सत्तूर आधी माझ्यात

मी एक जुना ओंडका आहे. नुसते लाकूड म्हणालात तर मला राग येईल, कारण मटणाच्या दुकानात मालकाच्या खालोखाल मान असतो तो माझाच. मालकसुद्धा माझ्यापुढे मान खाली घालूनच काम करतो. मित्रांनो, माझी गोष्ट जरा रक्ताळलेली आहे. ज्यांना घेरी येते त्यांनी भिंतीला टेकून ऐकावी.

मी चिंचेचा. चिंचेचे लाकूड चिवट असते, कितीही घाव खाल्ले तरी त्याचा भुसा मटणाला लागत नाही. एका सकाळी दोन माणसे आली आणि त्यांनी माझ्या बुंध्याला करवत लावली. ती दोघे आळीपाळीने ओढत होती आणि वर घरच्या गप्पाही मारत होती. मला वाटले, संपले सगळे. पण संपले कसले, नोकरी लागली! तीन जाड पाय ठोकून मला बाजारातल्या एका दुकानात उभे केले.

दुकान दोघा भावांचे होते. थोरला तोडायचा आणि धाकटा धरायचा. हे धरण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. सत्तूर खाली येतो तेव्हा धरणाऱ्याचा हात हाड सरकवून मागे गेलेला असावा लागतो. दोघांचे हात असे जमले होते की बघणाराच डोळे मिटून घ्यायचा, त्यांना काहीच वाटत नसे. दिवसभर खाड, खाड, खाड. संध्याकाळी धाकटा मला तारेच्या ब्रशने घासून खडेमीठ चोळी आणि थोपटून म्हणे, "आज लई मार खाल्लास रे बाबा." तेवढ्या कौतुकावर मी दुसरा दिवस काढत असे.

थोरला कामाला वाघ होता, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. "हाडंच जास्त दिलीत," असे एक गिऱ्हाईक बोलले, तर त्याने तराजूचे पारडे त्याच्या डोक्यात घातले. कातडी न्यायला येणाऱ्याचा दात पाडला. कुत्र्याला वजन फेकून मारले, ते समोरच्या न्हाव्याच्या आरशाला लागले. मग न्हावी वस्तरा घेऊन आला आणि हा सत्तूर घेऊन उभा राहिला, तेव्हा अर्धा बाजार बंद झाला होता. सगळ्यांत वाईट खोड म्हणजे तो बोलायचा ते सत्तूर हातात नाचवत. "या, बसा" म्हणतानाही पाते चमकायचे. लोक त्याच्या तोंडाकडे बघतच नसत, हाताकडे बघत.

मग ती सकाळ आली. हॉटेलवाल्यासाठी राखून ठेवलेली मांडी धाकट्याने चुकून दुसऱ्याच गिऱ्हाइकाला दिली होती. थोरला फासळ्या तोडत होता. तोडता तोडताच ओरडू लागला, "तुला अक्कल आहे का? मी काय सांगितलं होतं?"

"दादा, आधी खाली बघ," धाकटा म्हणाला.

"मला शिकवतोस?"

नजर भावाच्या तोंडावर, सत्तूर हवेत, आणि हाताची लय रागाने चुकलेली. सत्तूर वेळेआधीच खाली आला. मला घाव ओळखता येतात. हाडाचा घाव वेगळा लागतो, हा तसा नव्हता. धाकट्याच्या डाव्या हाताची दोन बोटे माझ्यावर राहिली आणि धाकटा मागे कोसळला. रक्त माझ्या जुन्या खाचांमधून वाहत गेले. थोरल्याच्या हातात सत्तूर तसाच होता. तो "अरे, अरे" एवढेच म्हणत राहिला. मी आयुष्यभर रक्त प्यालो, पण त्या दिवशीचे मला पचले नाही.

हाताला पट्टी बांधून धाकटा दुकान सोडून गेला. थोरल्याने माझ्यावर हात ठेवून शपथ घेतली, "आजपासून राग बंद!" नुसता रागच नव्हे, तो आख्खा माणूसच बदलायला निघाला. पहाटे उठायचे, थंड पाण्याने आंघोळ करायची, टेकडीपर्यंत पळायचे आणि दिवसभर मौन पाळायचे. मौन पहिल्याच गिऱ्हाइकाला मोडले, कारण भाव सांगायला तोंड लागते. मग मौन मोडले म्हणून तो स्वतःवरच चिडला आणि त्याने भिंतीवर डोके आपटून घेतले. त्याची बायको कपाळाला फडके बांधत म्हणाली, "सकाळी शपथा आणि दुपारी शिव्या! एवढं सगळं एकदम करायला सांगितलंय कुणी तुम्हाला?" त्याने तिच्याच अंगावर पाण्याचा तांब्या भिरकावला. तीही माहेरी गेली. मला घासायला कुणी उरले नाही. माझ्या खाचांत चरबी कुजली, माशा घोंगावू लागल्या. माझा मलाच वास येई.

जखम भरल्यावर धाकटा एक दिवस दारात उभा राहिला. त्याने नाकाला फडके लावले, आत येऊन ब्रश घेतला आणि मला घासायला सुरुवात केली. मला रडता आले असते तर मी रडलो असतो. घासून झाल्यावर तो म्हणाला, "दादा, स्वभाव बदल असं मी म्हणत नाही. आपल्या बापाचाही बदलला नाही. एकच कर. तोंड उघडायचं असलं की आधी सत्तूर ह्याच्यात रोवायचा, बादलीत हात धुवायचे, मग बोलायचं. ज्या दिवशी सत्तूर हातात ठेवून बोललास, त्या दिवशी मी गेलो. मग बोलवायला येऊ नकोस."

"गिऱ्हाइकानं भाव विचारला तर?"

"तरी."

थोरल्याने मान डोलावली. धाकट्याने मात्र त्याच्या हातातून काही घेणे सोडून दिले होते. चहाचा कप असो नाहीतर किल्ली, "ओंडक्यावर ठेव, मी उचलतो," असे म्हणे.

सुरुवातीला फारच मजा झाली. थोरल्याचे तोंड उघडे आणि हात वरच असे. धाकटा नुसता एप्रनची गाठ सोडायला लागे, की सत्तूर खाडकन माझ्यात! "पाव किलो द्या" म्हटले तरी आधी रोव, मग हात धू. गिऱ्हाइके म्हणत, "मालक, मटण देताय की मुहूर्त बघताय?" पण हात धुता धुता अर्ध्या शिव्या पाण्यात जात आणि उरलेल्या बोलण्यासारख्या वाटत नसत. हळूहळू हाताला वळण लागले. माझी एक कड खाचांनी भरून गेली, पण त्या घावांनी मी कधी कुरकुरलो नाही. बायकोही परत आली. आली तरी पहिले काही दिवस ती दारातच उभी राहून बोलायची.

मित्रांनो, सवय लागली की नाही हे सुखाच्या दिवसात कळत नाही. आमच्याकडे बर्फाच्या लाद्या टाकायला एक आडदांड माणूस येई. एकदा लादी उतरवायला उशीर झाला म्हणून धाकटा त्याला बोलला. बर्फवाला म्हणाला, "दोन बोटं भावानं खाल्ली, जीभ शिल्लक आहे वाटतं!" आणि त्याने धाकट्याच्या छातीवर दणका दिला. धाकटा माझ्या पायावर आपटला. कपाळ फुटले. डोळ्यांत रक्त आले.

थोरल्याचा सत्तूर वर गेला. एवढा वर मी तो कधीच पाहिला नव्हता. बर्फवाल्याने डोके दोन्ही हातांनी झाकले. धाकटा खालून बघत होता, बर्फवाल्याकडे नाही, भावाच्या हाताकडे.

सत्तूर आला तो माझ्यात. एवढ्या जोराने आला की पाते मुठीपर्यंत घुसले आणि मी वरपासून खालपर्यंत उभा फाटलो. थोरल्याने बादलीत हात बुडवले. मग तो बोलला, अगदी हळू, "लादी ठेव आणि जा. परत येऊ नकोस." बर्फवाला लादी तिथेच टाकून पळाला.

थोरला ओले, रिकामे हात घेऊन उभा होता. धाकट्याने डोळ्यांवरचे रक्त पुसले आणि आपला तीन बोटांचा हात वर केला.

"दादा, हात दे. उठतो."

आता माझ्यावर काही तोडता येत नाही. माझ्या जागी नवा ओंडका आला आहे, आणि मी दाराशी बसायच्या कामाला आहे. धाकटा अजूनही संध्याकाळी मला घासतो, गरज नसताना. मित्रांनो, जुन्या वस्तू अशाच पुसत जा, त्या तुमचे बरेच काही सोसून बसलेल्या असतात. आणि एकदम सगळा माणूस बदलायला जाऊ नका, भिंतीवर डोके आपटाल. एखादी लहानशी गोष्ट धरा आणि रोज करा. माझी भेग बोटाने चाचपून बघा, चांगली खोल आहे. ती एका माणसाच्या डोक्यात असती.

राग आला तर या, बसा माझ्यावर. फक्त हातात जे काही असेल ते आधी खाली ठेवा.