लॅक्टेट उतरलं तेव्हा

सासऱ्यांची महाधमनी फाटली ती जेवता जेवता. "पाठीत कुणी सुरा खुपसल्यासारखं वाटतंय," एवढं म्हणून ते खुर्चीवरून कलंडले. आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलेला, शिकाऊ पोराने गाडी भिंतीवर घातली तरी आवाज न चढवणारा माणूस. सुनेने त्यांना तडक आपल्याच हॉस्पिटलात नेलं. ती तिथे अतिदक्षता विभागात डॉक्टर होती. सर्जनने फाटलेला भाग काढून कृत्रिम नळी बसवली. ऑपरेशन पार पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र रक्तातलं लॅक्टेट वाढू लागलं. शरीराच्या एखाद्या भागाला रक्त पुरेनासं झालं की ते वाढतं. प्रत्येक रिपोर्टला आकडा वरच. याच आकड्यावरच्या संशोधनात सुनेने कित्येक वर्षं घालवली होती. अशा तातडीच्या ऑपरेशननंतर कोण घरी जाणार आणि कोण नाही, हे रक्तावरून आधी कळतं का? पुष्कळदा कळतं, हे तिने दाखवून दिलं होतं. त्यासाठी परिषदांमध्ये टाळ्याही घेतल्या होत्या.

सर्जनने तिला, तिच्या नवऱ्याला आणि नणंदेला बाजूच्या खोलीत बोलावलं. "आतड्याला रक्त पोचत नसावं. पोट उघडून बघायला हवं. पण टेबलावरच काही बरंवाईट होऊ शकतं. काय करूया?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. "तू म्हणशील तसं."

"नको," ती म्हणाली. "इतकं लॅक्टेट असलेले पेशंट मी पाहिलेत. वाचत नाहीत. बाबांचे आणखी हाल कशाला?"

नणंदेची स्वतःची लॉन्ड्री होती. कामावरून तशीच धावत आली होती, बाह्या अजून वर दुमडलेल्या. "वाचत नाहीत म्हणजे एकही नाही?"

"अगदी थोडे."

"मग थोडे वाचतात असं म्हण ना, वहिनी." ती सर्जनकडे वळली. "उघडा पोट. सही मी करते."

आतड्याचा वीतभर तुकडा काळा पडला होता. तो काढून टाकला. संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये लॅक्टेट उतरलं होतं.

रिपोर्ट वाचताना सुनेच्या मनात पहिल्यांदा आलं, 'असं कसं?' आनंद त्यानंतर झाला. मध्ये जेमतेम एका श्वासाचं अंतर. पण तेवढ्यात तिला सासरे दिसले नव्हते, आपला आलेख चुकलेला दिसला होता. तिला स्वतःची शिसारी आली.

बाबा घरी आले, काठी टेकत चालू लागले. येईल त्याला सांगायचे, "सून डॉक्टर म्हणून वाचलो. नाहीतर वरच्याने लायसन्स जप्तच केलं होतं." नणंद शेजारी बसून ऐकायची आणि गप्प राहायची. तिने एखादा टोमणा मारला असता तर सुनेला परवडलं असतं.

शेवटी स्वयंपाकघरात सुनेने विचारलं, "तू सांगत का नाहीस त्यांना?"

"काय सांगू? सून तुम्हाला सोडून द्यायला निघाली होती म्हणून?" नणंदेने नळ बंद केला. "राग आला होता मला. अजून येतो मधूनच. पण ते तुझं तू सांगायचं."

सुनेने सांगितलं. बाबांच्या पोटावरची पट्टी बदलताना, मान खाली घालून. ते 'अगदी थोडे' आणि ते 'असं कसं'सुद्धा.

बाबांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्यावर असतं तर मी गेलोच होतो."

"हो."

"हाल नकोत म्हणून?"

"तसं म्हटलं मी. खरं तर तुमच्यापेक्षा माझा आकड्यावर जास्त भरवसा होता."

त्यांनी सदरा खाली ओढला. "उद्यापासून पट्टी पोरगी करेल."

आणि नणंदच करू लागली. चिकटपट्टी खेचताना ती पोटावरचे केसही खेचायची. बाबा कळवळायचे, पण दारात उभ्या असलेल्या सुनेला हाक मारायचे नाहीत. ती तिथून हलायचीही नाही.

एका सकाळी सून कामावर निघाली असताना त्यांनी थांबवलं. "ते थोडे जे वाचले, ते आता काय करतात?"

"माहीत नाही, बाबा. घरी गेले, एवढीच नोंद आमच्याकडे असते."

"विचारलं नाहीस कधी कुणाला?"

"नाही."

"विचार मग." आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

हॉस्पिटलात पोचल्यावर तिने त्या वाचलेल्यांपैकी एका बाईंचा जुना नंबर लावला. फोन त्यांनीच उचलला. तिने आपण कोण ते सांगितलं, पण पुढे काय बोलावं ते सुचेना.

"कशा आहात?" ती कशीबशी म्हणाली.

त्या म्हणाल्या, "डॉक्टर, इतक्या वर्षांनी?"